वहीत प्रेमाचा एक शब्द नव्हता : गाण्याच्या क्लासमधलं एक प्रकरण

हे मी गाण्याचे क्लास घेणाऱ्यांसाठी लिहायलेय, आणि ज्यांची पोरं दहावीच्या आसपास आहेत अन् गातात-वाजवतात त्यांच्यासाठी पण. माझा अंबाजोगाईत छोटा क्लास आहे. वरच्या मजल्यावरची एक खोली, दोन पेट्या, एक तबला-डग्गा आणि मिरजेहून आणलेला एक तंबोरा. (मिरज म्हटलं की आठवतं, २०१६ च्या एप्रिलमधे लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते पण मिरजेहूनच, त्याच्या आधी आमच्याकडं मिरजेहून फक्त तंबोरे यायचे.)

नावं सांगणार नाही. आडनावं तर मुळीच नाही, आपल्याकडं आडनाव कळलं की अर्ध्या लोकांचा निकाल तिथंच लागतो. पोरीला 'अंबाजोगाईची' म्हणते आणि पोराला 'परळीचा'. दोन्ही घरच्यांना विचारून लिहिलंय, आणि ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

आता ही दोन गावं घेतली की इकडच्या माणसाला हसू येणारच. योगेश्वरी देवी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला निघाली, वऱ्हाडाला उशीर झाला, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी इथंच राहिली, परळी पंचवीसेक किलोमीटरवर असताना. प्रकरण घरी कळलं तेव्हा आमच्या ह्यांनी पहिला डायलॉग तोच मारला, या दोन गावांचं आधीच एक लग्न पेंडिंग आहे म्हणून. मी नाही हसले, कारण तोपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं की यात मुहूर्त कोणाचा चुकला असेल तर तो माझा.

आधी दोघांबद्दल. परळीचा सहावीपासून माझ्याकडं. वडील थर्मलमधे (तिथल्या वीज केंद्रात) कंत्राटी कामाला, घरात सगळे भजनी. हा पोरगा सारेगमच्या आधी सप्त्यात टाळकऱ्यांच्या मागं उभं राहून शिकलेला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक किती लावायची, किती पातळ झाली की घुमारा जातो, हे त्याला आठव्या वर्षी माहीत होतं. पखवाजवादक पद्मश्री शंकरबापू आपेगावकरांचं नाव घेतलं की कानाला हात लावायचा, कारण ते आपेगाव आमच्याच तालुक्यातलं. (बाहेरच्यांना आपेगाव म्हटलं की पैठणजवळचं, ज्ञानोबांचंच आठवतं. दोन आहेत.) आवाज खडा, माईक बंद पडला तरी शेवटच्या ओळीतल्या आज्जीपर्यंत जाणारा. तालाला पक्का, पण शिस्त शून्य, बंदिशीचे शब्द विसरला की तिथं बिनधास्त 'विठ्ठल' घालून मोकळा.

अंबाजोगाईची एकदम उलटी. आई शाळेत शिक्षिका, वडील बँकेत. ती आली ती मार्कांसाठी, दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात ना, त्यासाठी. गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या परीक्षा, प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा पायऱ्या चढत. आवाज बारीक पण आरशासारखा स्वच्छ, नोटेशन सुंदर अक्षरात, आणि चुकलेलं तिला सहन होत नाही, दुसऱ्याचं तर त्याहून नाही.

दोघं एकाच वयाचे, एकाच गटात, दोघांची पट्टी काळी चार. (पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा सा पेटीच्या ज्या चावीवर धरतात ती.) एका वर्षी ही पहिली तो दुसरा, पुढच्या वर्षी तो पहिला ही दुसरी. असं चार वर्षं. आणि त्यात तेल मीच घातलं, हे आधी कबूल करते. त्याला म्हणायचे, बघ तिची बंदिश कशी पाठ आहे. तिला म्हणायचे, बघ त्याचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, कसा सरळ जाऊन लागतो. वाटायचं असं टोचलं की पोरं रियाज करतात. करायचे पण, खोटं कशाला बोलू. माझी एक सवय आहे, कोणी म्हणून दाखवलं की आधी सगळ्या चुका सांगते आणि शेवटी म्हणते 'बाकी बरं'. यापलीकडं कौतुक माझ्या तोंडून निघत नाही. क्लासमधली पोरं माझी नक्कल करतात, ती पण एवढ्याच दोन शब्दांची.

तिच्या आईनंच सांगितलं होतं की दोघांना वेगळ्या बॅचला ठेवा, एकमेकांचं बघून ताण घेतात. म्हणून गुरुवार-रविवार त्याला चार वाजता, तिला सव्वापाचला. त्याची परतीची एसटी साडेसहाची. म्हणजे क्लास सुटल्यावर त्यानं स्टँडवर जायला पाहिजे, पण हा जिन्यात बुटाची लेस बांधत बसायचा, अर्धा-पाऊण तास. एवढी लेस तर एव्हरेस्टवर जाणारे बांधत नसतील. आणि ती साडेचारलाच येऊन त्याच जिन्यात, ट्यूशन लवकर सुटली म्हणून. मला वाटायचं एकमेकांच्या ताना चोरायलेत. चोरायलेच होते. फक्त तेवढंच नव्हतं.

दहावीच्या सुरुवातीला परळीच्याला कंठ फुटला. थोडा उशिराच, बऱ्याच पोरांना आठवी-नववीतच फुटतो. या वयात मुलाचं स्वरयंत्र मोठं होतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मधले काही महिने कोणता स्वर लागेल आणि कोणता फाटेल याचा भरवसा नसतो, सकाळी एक आवाज, संध्याकाळी दुसरा. यात पोराची काही चूक नसते आणि रियाज वाढवून ते थांबत पण नाही. उलट अशा वेळी वरच्या स्वरांची ओढाताण करू नये, मधल्या पट्टीत, हळू आवाजात, थोडा थोडा वेळ म्हणावं. हे मला माहीत होतं. तरी मी काय केलं, तर त्याला पहाटे उठून खर्जाचा, म्हणजे अगदी खालच्या सुरांचा, तासभर रियाज सांगितला, आवाज लवकर बसेल म्हणून. तासभर! पोरगं पहाटे पाचला शेजाऱ्यांच्या शिव्या खात खर्ज लावायचं आणि दुपारी बोलता पण यायचं नाही.

ऑगस्टमधे एक स्पर्धा होती, कोणती ते जाऊ द्या. राग दोघांना भीमपलास, मीच बसवलेला, आणि पेटीवर साथ पण माझीच. त्याचा नंबर आधी. आत बसलो होतो तेव्हा मी म्हणाले, बाळा, काळी दोन घेऊ का, वरचा सा निघणार नाही तुला. तर म्हणाला, "ती काळी चारनंच म्हणणार ना मॅडम? मग मी पण." मी शिक्षक म्हणून तिथं ठाम राहायला पाहिजे होतं. नाही राहिले.

स्थायी कशीबशी गेली. अंतऱ्यात ग म प नी करत वर चढला, आणि भीमपलासात तो कोमल निषाद (नी) षड्जाचा कण घेऊन, म्हणजे वरच्या 'सा'ला ओझरता स्पर्श करून, लावायचा असतो, नाजूक जागा आहे ती, तिथंच आवाज दोन तुकडे झाला. एक तुकडा वर, एक खाली. मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी कोंबडा आरवल्यासारखं केलं आणि हॉल हसला. पोरगं थांबलं नाही, हे सांगायलाच पाहिजे. तसाच फाटका आवाज घेऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आला, नमस्कार केला आणि खाली उतरला. कान लाल.

दोन नंबर सोडून ती. येऊन बसली, पदर नीट केला (साडी नेसवली होती आईनं), आणि माझ्याकडं वाकून म्हणाली, "मॅडम, पांढरी चार."

मी बघतच राहिले. काळी चारवरून पांढरी चार म्हणजे तीन पट्ट्या खाली. पेटीवाल्याला काय, बोट सरकवलं की झालं, इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचं बटण फिरवलं की झालं. पण तबला काळी चारला लागलेला! तबलजीनं माझ्याकडं असं बघितलं की मी त्याचं कर्ज बुडवलंय. मग बसला हातोडी घेऊन, तबल्याचे लाकडी गट्टे वरच्या अंगाला ठोकत, गजऱ्याला (कातड्याच्या कडेच्या विणीला) खालून चारी बाजूनं ठोकत, टण टण, परत एकदा शाई बघ, परत टण. परीक्षक घड्याळ बघायलेत, लोक कुजबुजायलेत, आणि ती मांडीवर हात ठेवून गप. तीन पट्ट्या उतरवल्यावर पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, थाप बसत नाही, तसंच झालं. ती गायली चांगली, पण बैठक मोडली होती. पहिला नंबर केजकडच्या एका आठवीतल्या बारक्यानं नेला. आमच्या दोघांना उत्तेजनार्थ पण नाही.

बाहेर आल्यावर भांडण. पाण्याच्या टाकीजवळ, मी चपला शोधत होते म्हणून सगळं ऐकू आलं.

"दया करायलीस का माझ्यावर?"

"तुझा काय संबंध?"

"मग काळी चार कामून सोडली? मपल्यामुळं हरायलीस तू? मी सांगितलं होतं का?"

"माझी पट्टी मी ठरवीन."

"परत असं केलंस ना, तर बोलणार नाही तुझ्याशी."

"आत्ता कुठं बोलतो तू?"

यावर तो काहीच बोलला नाही, आणि खरंच होतं ते, चार वर्षांत मी त्यांना समोरासमोर बोलताना पहिल्यांदा ऐकलं. आणि मी काय अर्थ काढला, तर हॉलमधल्या सगळ्यांनी काढला तोच. पोरगी पोरासाठी खाली आली. आता हे प्रकरण वेगळं आहे, लक्ष ठेवायला पाहिजे. मी तिच्या आईला फोन पण केला, काळजीनं, म्हणजे मला काळजी वाटली होती तेव्हा. माझी दुसरी चूक ती.

सप्टेंबरमधे एका संध्याकाळी तिची आई आली. हातात भाजीची पिशवी, पिशवीत मेथीखाली दोनशे पानी वही, खाकी कव्हर, लेबलवर 'गायन'. सायन्सचं जर्नल शोधताना सापडली म्हणे. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्हीच वाचा.

वहीत उजव्या पानावर तिचं स्वतःचं, डाव्या पानावर त्याचं. तारखा घालून. चार वर्षांचं. त्यातलं थोडं मी तिला विचारून इथं देते.

"अंतऱ्यात नी चढा लागला. षड्जाचा कण घाईत. बाकी बरं."

"शब्दाच्या मधोमध श्वास तोडतो. पाणी पिऊन येत नाही. बाकी बरं."

"आज तिहाई बरोबर समेवर. दोनदा घेतली. मला येत नाही. शिकायची."

"सर्दी आहे. तरी आला. एसटीत जागा नव्हती वाटतं, धापा टाकत होता, पहिली दहा मिनिटं लय पुढं."

आणि स्पर्धेच्या आठवडाभर आधीचं, जिन्यातून ऐकलेलं, "आवाज फाटला. तीनदा. मला हसू आलं नाही."

त्याच्यापुढं 'बाकी बरं' पण नव्हतं.

आई समोर बसलेल्या. मला वाटलं चिडतील. पण त्या दमल्यासारख्या म्हणाल्या, "मॅडम, ह्यात लव्ह-बिव्ह एक शब्द नाही, मी दोनदा वाचली. पण एवढं बारीक तर मी ह्यांच्याबद्दल वीस वर्षांत लक्षात ठेवलं नाही."

मी उजवी पानं वाचायला घेतली, आणि खरं प्रकरण तिथं होतं. जूनपासून पानापानावर एकच. "काळी चार ओढावी लागते." "वरचा सा लागतो पण घसा दुखतो." "आवाजात हवा येते." "मॅडमला सांगायचं नाही, म्हणतील रियाज कमी पडतोय."

मुलींचा आवाज पण या वयात बदलतो. मुलांसारखा फुटत नाही, कोंबडा होत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण काही पट्ट्या खाली येतो, मधे हवा येते, जुनी पट्टी जड जाते. हे सगळं मी स्वतः भोगलेलं आहे, माझी काळी पाच नववीत सुटली होती आणि माझ्या गुरुजींनी मला आळशी म्हटलं होतं. मी बाई असून, पेटीवर तिच्या शेजारी बसून मला कळलं नाही. परळीच्याला वाटलं दया, लोकांना वाटलं प्रेम, मला वाटलं भानगड, आणि पोरीचा फक्त घसा दुखत होता. जिन्यातली चार वर्षं मात्र आम्ही सगळ्यांनी 'कॉम्पिटिशन' म्हणून सोडून दिली, आणि जे काही होतं ते तिथं होतं.

माझं मत सांगते, पटलं तर घ्या. स्पर्धेतल्या समोरच्याइतकं कान देऊन तुम्हाला कोणी ऐकत नाही. आई-बाप ऐकतात ते पोर आपलं म्हणून, गुरू ऐकतो तो शिकवण्यापुरतं, लोक ऐकतात टाळ्यांपुरतं. ज्याला तुम्हाला हरवायचंय तो तुमचा श्वास मोजतो. पंधरा-सोळाव्या वर्षी, जेव्हा घरात कोणी तुमचं एक वाक्य पूर्ण ऐकत नाही, तेव्हा एक माणूस तुमचा निषाद किती चढा होता ते तारखेसकट लिहून ठेवतो. जीव जडणार नाही तर काय होईल? आणि म्हणून अशा पोरांना 'स्पर्धा सोडा, मैत्री करा' असा उपदेश केला तर काही उपयोग नाही, त्यांची मैत्री त्या स्पर्धेतच असते. दुसऱ्या बाजूनं, घाबरून दोघांना तोडलं तर गाणं पण तुटतं.

आम्ही नेमकं तेच केलं. म्हणजे आईंनी क्लास बंद केला, मोबाईल कपाटात. मी विरोध केला नाही. दुसऱ्या रविवारी परळीच्याचे वडील आले, दारातच उभे, आत यायला तयार नाहीत, म्हणाले, "मॅडम, चुकलं आमच्या पोराचं, त्या बाईंच्या पाया पडायला लावतो, फक्त क्लासमधून काढू नका." मला इतकं कसंनुसं झालं. अहो, पोरानं केलंय काय, लेस बांधली! पण त्यांनी आयुष्यभर हेच शिकलेलं की भांडण कोणाचं का असेना, आपण आधी हात जोडायचे. त्यांना बसवलं, चहा दिला, सांगितलं कोणाच्या पाया पडायचं नाही.

त्या दोन महिन्यांत तिनं इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावून बंद खोलीत रियाज केला, काळी चारमधेच, हट्टानं. आणि त्यानं गाणं बंद केलं. मी त्याला पेटी धर म्हणाले तर, "मी काय भाते हाणू का आता?" मग त्याला जरा ऐकवलं. आकाशवाणीनं १९४० मधे पेटीवर बंदी घातली होती, कितीतरी वर्षं रेडिओवर साथीला पेटी नव्हती, का, तर तिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, स्वर बांधलेले. तरी ती मैफलीतून गेली नाही, कारण वाजवणारे तसे निघाले. आपल्या जालन्याकडचे अप्पा जळगावकर, भीमसेन जोशींपासून किशोरीताईंपर्यंत सगळ्यांच्या मागं बसले, त्यांना कोणी भाते हाणणारा म्हटलं का? तो काही बोलला नाही. पुढच्या गुरुवारी आला आणि पेटीपुढं बसला. रागानं वाजवायचा सुरुवातीला, चाव्या मोडतो की काय असं. पण सूर हाताला आधीच माहीत होते, चार वर्षं घशात होते ना.

नोव्हेंबरमधे मी तिच्या आईकडं गेले आणि आधी माफी मागितली, त्या फोनबद्दल आणि पट्टीबद्दल. मग म्हणाले, दोघांशी एकदा समोरासमोर बोलू, तुम्ही बसा. आईंना वाटलं मी स्थळ घेऊन आलेय की काय, तसं तोंड केलं त्यांनी. शेवटी बसलो, माझ्याच खोलीत, दार उघडं. मी सरळ विचारलं. अशा वेळी गोल गोल विचारलं तर पोरं पण गोल गोल उत्तरं देतात.

ती म्हणाली, "आवडतो मला तो. पण तो चांगला गायला की राग पण येतो." आई खाली बघायला लागल्या. मी त्याच्याकडं बघितलं. हा सतरंजीचा दोरा उपटतोय. खूप वेळानं म्हणाला, "हिचा गंधार. मध्यमावरून येतानाचा." बस. एवढंच. आईंना काही कळलं नाही, मला कळलं, आणि ती पोरगी अशी लाल झाली की मी उठून खिडकी उघडली.

मग अटी ठरल्या, सगळ्यांनी मिळून. दहावीचा अभ्यास आधी. रविवारी एकच बॅच, आई येऊन बसणार. बाहेर भेटणं नाही, फोन नाही. तिनं पांढरी चारनंच म्हणायचं आणि परत काळी चारचं नाव घ्यायचं नाही, ही अट माझी. आणि त्याची एक अट, आईंना विचारून घातलेली, की मी तिला मुद्दाम सोपं करून वाजवणार नाही. तिनं लगेच, "वाजवून तर दाखव." आई पहिल्यांदा हसल्या तेव्हा.

मार्गशीर्षात योगेश्वरीचा उत्सव असतो, गाव भरलेलं असतं, त्या दिवसांत आमच्या क्लासचा पण छोटा कार्यक्रम असतो, एका ओळखीच्यांच्या वाड्यात, सतरंजीवर पन्नासेक माणसं. ती गायला, तो पेटीवर, तबला या वेळी सकाळीच पांढरी चारला लावून ठेवलेला. राग तोच, भीमपलास. वेळ पण बरोबर, दुपारची, तिसरा प्रहर.

एक गोष्ट तेवढी सांगते. ती आलाप करत मध्यमावर थांबली. साथीदारानं अशा वेळी मागचा सूर धरून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. यानं काय केलं, तिनं नुकताच घेतलेला तुकडा जसाच्या तसा परत वाजवला, फक्त तिचा निषाद किंचित घाईत गेला होता तो सावकाश वाजवून दाखवला. भर कार्यक्रमात चूक काढली! मी तबल्याशेजारी बसून घामाघूम. तिनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं, ते बघणं काही प्रेमाचं वगैरे नव्हतं, चिडलेलंच होतं, आणि तोच तुकडा परत घेतला, निषादावर इतकी थांबली, इतकी थांबली, की याला भाता रिकामा होतोय की काय असं वाटायला लागलं, आणि मग षड्ज. तो हसला. खाली मान घालून, पण हसला. समोरचे आजोबा मोठ्यानं "क्या बात" म्हणाले, त्यांना वाटलं ठरवून केलंय. आणि तिचा श्वास कुठं संपतो हे त्याला पाठ असल्यामुळं तिथं तिथं पेटी एक केसभर आधी पुढं व्हायची, जिन्यातली विद्या सगळी. तिची आई माझ्या मागं बसल्या होत्या. वही त्यांच्या पर्समधे होती, हे मला नंतर कळलं, कार्यक्रम संपल्यावर त्यांनी ती पोरीच्या हातात दिली, काही न बोलता.

पुढचं थोडक्यात. दोघं दहावी पास झाले, तिला गाण्याचे वाढीव गुण मिळाले. घरच्यांना डॉक्टर करायचंय म्हणून ती लातूरला गेली, नीटच्या क्लासला, होस्टेलवर. लातूर पॅटर्नमधे तंबोऱ्याला जागा नसते. तो परळीतच अकरावीला, सप्त्यात पेटी वाजवतो, आवाज आता काळी एकला बसलाय, जाड, घोगरा, मला आवडतो. पुढं दोघांचं काय होईल हे मला कोणी विचारू नका, सोळा-सतरा वर्षांची पोरं आहेत, त्यांना पण विचारू नका.

फोन नाही ही अट अजून आहे, थोडी वाकवून. रविवारी होस्टेलमधून आईला फोन असतो तेव्हा ती पाच मिनिटं काहीतरी म्हणते, आई ते रेकॉर्ड करतात आणि परळीला पाठवतात. तो ऐकून उत्तर आईंच्याच व्हॉट्सॲपवर पाठवतो. आई ते तिला वाचून दाखवतात आणि आधी मला फॉरवर्ड करतात, तपासून घ्यायला, की ह्यात गाण्याव्यतिरिक्त काही आहे का.

परवाचा मेसेज, "पंचमावर घाई. गंधार चांगला पण मध्यमाचा कण कमी. झोप होत नाही वाटतं, श्वास लहान झालाय. बाकी बरं." खाली आईंचा प्रश्न, "मॅडम, बाकीचं कळलं. हे 'बाकी बरं' म्हणजे नक्की काय?"

दोन निळ्या टिका दिसायलेत त्यांना. उत्तर अजून दिलेलं नाही.